डेसीच्या बिगोनियांना पाणी

उल्का रिसबूडला कुणी 'कशी आहेस' असं विचारलं, की ती 'ग्रँड' म्हणायची. आयर्लंडमध्ये आल्यावर पहिल्या महिन्यातच तिनं हा शब्द उचलला होता आणि तो इतका सोयीचा निघाला की त्याच्याशिवाय तिचं पानच हलेना. बस चुकली तरी ग्रँड, दाढ दुखत असली तरी ग्रँड, आणि बाळ जाऊन पाच महिने झाले तरीही ग्रँडच. विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि तो पुढे जातो. आपल्याकडे असा शब्द नाही हे एका परीनं बरंच आहे. आपल्याकडे विचारणारा पुढे जात नाही; बसतो आणि चहा घेऊनच उठतो.

उल्का मूळची नागपूरची. सिव्हिलचा डिप्लोमा करून ती पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता झाली आणि कालव्याच्या कडेनं खात्याच्या जीपमधून हिंडली. वरून किती पाणी सोडलं, शेवटच्या शेतापर्यंत किती पोचलं आणि मधलं कुठे गेलं, याचा जाब विचारणं हे तिचं काम होतं. चांगले मिशीवाले ठेकेदार तिला टरकून असत. पुढे पुण्याच्या चारुदत्त रिसबूडशी तिचं लग्न झालं. सासरी तिच्या 'काय करून राहिले'ची यथेच्छ थट्टा झाली, आणि २००३ साली चारुदत्तला डब्लिनच्या विमानतळाजवळ सॉफ्टवेअरची नोकरी लागली, तेव्हा तिनं सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. सरकारी नोकरी सोडली म्हणून तिचे वडील पंधरा दिवस तिच्याशी बोलले नाहीत. इकडे डब्लिनजवळच्या स्वोर्ड्स गावात आल्यावर कळलं, की नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला इथे काम करायला मनाई आहे. म्हणजे जिच्या हाताखाली अख्खा कालवा होता, तिच्या वाट्याला मागच्या अंगणातल्या दोन कुंड्या आल्या. त्याही तिनं नेटानं जगवल्या.

फेब्रुवारीत तिला मुलगी झाली. दहा आठवडे आधीच झाली आणि दोन दिवस राहिली.

आपल्यात एवढ्या लहान मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात. आणि पुरलं की संपलं. दहावं नाही, तेरावं नाही, वर्षश्राद्ध नाही. बारसं बाराव्या दिवशी असतं, त्यामुळे नावही नाही. हॉस्पिटलनं पुढे केलेल्या कागदांवर चारुदत्तनं सह्या केल्या, आणि स्वोर्ड्सच्या उत्तरेला शेतांमध्ये एक स्मशानभूमी आहे, तिथल्या तान्ह्या मुलांसाठी राखलेल्या कोपऱ्यात तिला ठेवून तो घरी आला. उल्का तेव्हा हॉस्पिटलातच होती. नागपूरहून आईचा फोन आला. आई म्हणाली, "बेटा, आता मागे वळून पाहायचं नाही." सासूबाई तेच म्हणाल्या. डब्लिनच्या पलीकडे डून लेरीला राहणारी नंदिनी म्हणून एक मैत्रीण होती, तिनंही डब्यातून वरणभात आणला आणि तेच सांगितलं. सगळ्यांचं एकमत पाहून उल्कानं वळून पाहिलं नाही.

मुख्य म्हणजे तिला काही वाटतच नव्हतं. आधी तिला त्याची भीती वाटली, मग तीही वाटेनाशी झाली. ती रडली नाही. हॉट प्रेस, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपड्यांचं कपाट, तिनं तीन वेळा रिकामं करून पुन्हा लावलं. चहा करायची आणि तो गार झाल्यावर ओतून द्यायची. चारुदत्त संध्याकाळी आला की दोघं जेवायची, टीव्ही लावायची, आणि टीव्हीवरचा माणूस उद्या पाऊस आहे असं सांगायचा. पाऊस यायचाही.

जुलै २००६ मध्ये मात्र नवल घडलं. टीव्हीवरच्या माणसानं सांगितलं की आठवडाभर पाऊस नाही. डब्लिनच्या उत्तरेचा हा मुलूख हाताच्या तळव्यासारखा सपाट. बटाट्याची आणि कोबीची शेतं, मधूनच रोपांसाठी काचेची घरं, आणि वरून दर दोन मिनिटांनी उतरणारी विमानं. एरवी या सगळ्यावर ढगांचं झाकण असतं. ते उघडलं आणि माणसांना वेड लागलं. ऑफिसातून पोटदुखीचे फोन गेले. गोऱ्या पाठी उघड्या पडल्या आणि दुपारपर्यंत टोमॅटोसारख्या लाल झाल्या. प्रत्येक अंगणातून सॉसेज भाजल्याचा धूर. आइस्क्रीमची गाडी गाणं वाजवत दिवसातून चारदा फिरू लागली. पारा सत्तावीसवर गेला होता. मे महिन्यात शेहेचाळीस डिग्रीत कालव्यावर उभ्या राहिलेल्या बाईला हे पाहून हसू यायला हवं होतं. उल्कानं पडदे ओढून घेतले.

सोमवारी सकाळी शेजारची ब्रीडा कुंपणावरून हाका मारू लागली. ब्रीडा सत्तरीची, एकटी, जिभेला हाड नसलेली, पण मनानं लोणी. ऊन पडलंय म्हणून शनिवारी ती शिडीवर चढून भिंत रंगवायला गेली आणि रंगाच्या डब्यासकट खाली आली. पाय घोट्यापासून प्लास्टरमध्ये होता.

"उल्का, लव्ह, माझं एक काम करशील?" ती म्हणाली. "येत्या रविवारी आमचा सेमेटरी संडे आहे. डेसीवर मी शुक्रवारीच बिगोनिया लावलेत. या उन्हात ते मरून जातील. रोज थोडं पाणी घालशील का? नळ तिथेच आहे."

डेसी म्हणजे तिचा नवरा. चार वर्षांपूर्वी गेला. त्याची कबर त्याच स्मशानभूमीत होती, जिच्या दुसऱ्या टोकाला उल्काची मुलगी होती. ब्रीडाला ते ठाऊक होतं. फेब्रुवारीत अ‍ॅपल टार्ट घेऊन आली होती तेव्हा तिनं स्वतःच विचारलं होतं. उल्का तिच्या प्लास्टरकडे बघत राहिली. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

"ग्रँड," ती म्हणाली.

सेमेटरी संडेची तऱ्हा अशी, की उन्हाळ्यातल्या एका रविवारी सगळा गाव स्मशानात जमतो. पाद्री येतो, प्रार्थना होते, कबरींवर मंतरलेलं पाणी शिंपडतात, आणि ज्याचं माणूस जिथे असेल तिथे तो जाऊन उभा राहतो. त्याच्या आधीचा आठवडा साफसफाईचा. उल्का पंचवीस मिनिटं चालून पोचली तेव्हा तिला वाटलं आपण चुकून जत्रेत आलो. बायका गुडघ्यांवर बसून गवत उपटत होत्या. एक आजोबा कठड्याला चंदेरी रंग देत होते. दोन बहिणी आईच्या दगडावर थर्मास ठेवून सँडविच खात होत्या आणि कुठल्या तरी रेडिओवर हर्लिंग या इथल्या खेळाच्या सामन्याचं बोलणं चालू होतं. आपल्याकडे स्मशानातून निघताना मागे बघू नये म्हणतात, आणि ही माणसं इथे टॉवेल टाकून ऊन खात होती.

तिनं नळावरचा हिरवा झारा भरला आणि डेसीचे बिगोनिया मुळाशी भिजवले. दुपारच्या उन्हात पानांवर पाणी घालू नये हे तिला सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या टोकाला, भिंतीच्या आडोशाला रंगीत कागदी भिरभिरी दिसत होती. वारा नसल्यानं ती थांबलेली होती. उल्का तिकडे पाठ करून उभी राहिली, झारा जागेवर ठेवला आणि घरी आली. आल्याआल्या डोक्यावरून अंघोळ केली आणि अंगावरचे कपडे धुऊन दोरीवर टाकले. ते तासाभरात वाळले.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. पारा तिशीला टेकला. रस्त्याचं डांबर मऊ पडलं. चारुदत्त संध्याकाळी आला आणि तिच्या ओल्या केसांकडे पाहून म्हणाला, "आज पण न्हालीस?"

"उकडून राहिलं ना," ती म्हणाली.

"तू? नागपूरची? तिशीत?" तो हसला. ती हसली नाही म्हणून तोही थांबला. आठ वाजले होते आणि बाहेर चांगलं लख्ख ऊन होतं. इथली माणसं या लांबलेल्या उजेडाचं भारी कौतुक करतात. उल्काला मात्र रोज वाटायचं की हा दिवस कुणीतरी एकदाचा मिटवावा.

बुधवारी नळापाशी एक बाई झारा भरत होती. तिनं सहज विचारलं, "तुमचं कोण आहे इथे?"

"शेजारणीचा नवरा," उल्का म्हणाली.

"अगं बाई, किती गुणाची तू," बाई म्हणाली आणि गेली. बोललेलं सगळं खरं होतं. तरी खात्याच्या साहेबाला खोटा अहवाल दिल्यावर जसं वाटतं तसं उल्काला वाटलं. पाच महिन्यांत तिला पहिल्यांदाच काहीतरी वाटलं, आणि ते हे असलं.

गुरुवारी डेसीचे बिगोनिया पोटभर प्याले आणि झाऱ्यात अर्धं पाणी उरलं. आता बघा, दुसरी कुणी असती तर तिनं ते गवतावर ओतून दिलं असतं. पण उल्कानं आयुष्यात पाणी कधी वाया घालवलं नव्हतं आणि तिला ते जमलं नाही. ती झारा घेऊन उभी राहिली. शेजारच्या कबरींवरची झाडं आधीच भिजलेली होती, त्यांची माणसं येऊन गेली होती. मग तिचे पाय भिंतीच्या दिशेनं निघाले. आपण जातोय हे तिला कळत होतं. छातीत धडधड वगैरे काही नव्हती.

तिथे हिरवळीत तळहाताएवढ्या काळ्या पाट्या ओळीनं बसवल्या होत्या. काहींपाशी कापडी अस्वलं, काहींपाशी भिरभिरी. शेवटून चौथ्या पाटीपाशी कुणीतरी निळी बारीक फुलं लावली होती आणि ती उन्हानं मान टाकून पडली होती. पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं: चारुदत्त रिसबूड. खाली दोन तारखा, फेब्रुवारीच्या, एकमेकींपासून दोन दिवसांच्या अंतरावर.

उल्कानं ते पुन्हा वाचलं. मग तिनं उरलेलं पाणी त्या निळ्या फुलांना घातलं. डोळ्यांत पाणी यायचं सोडून तिच्या मनात आलं, की अर्ज चुकीचा भरला आहे आणि तो दुरुस्त करायला कुठल्या खिडकीवर जावं लागेल. नऊ वर्षं सरकारी नोकरी केली की माणसाचं असं होतं.

संध्याकाळी चारुदत्त बूट काढत असतानाच तिनं विचारलं, "तिच्या पाटीवर तुझं नाव कसं?"

तो एक बूट हातात धरून तसाच खाली बसला.

"तू गेलीस तिथे?"

"ब्रीडाच्या नवऱ्याला पाणी घालते मी रोज. सोमवारपासून. तुझं नाव कसं, ते सांग."

त्यानं सांगितलं. फॉर्मवर तीन रकाने होते. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. पहिलं नाव तर नव्हतंच, बारसं कुठे झालं होतं? म्हणून तो रकाना मोकळा सोडला. मधल्या रकान्यात हात आपोआप गेला; आपल्याकडे मधे बापाचंच नाव असतं, शाळेच्या दाखल्यापासून ते लिहायची सवय. पाटी करणाऱ्यांनी जे होतं ते कोरलं. त्यांचं तरी काय चुकलं?

"मार्चमध्ये त्यांचं पत्र आलं होतं," तो म्हणाला. "पहिलं नाव दिलेलं नाही, हेच कायम करायचं का, की काही कळवताय, असं."

"मग?"

"मग काय. माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत आहे ते."

"मला का नाही विचारलंस?"

"काय विचारू?" त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "भाजी काय आणू विचारल्यासारखं विचारू? तू हॉट प्रेस लावत बसायचीस. मला भीती वाटायची तुझी. एप्रिलमध्ये एकदा गेलो होतो मी. माझंच नाव, त्याच्यापुढे मीच उभा. दोन मिनिटंसुद्धा थांबता आलं नाही."

उल्कानं ताटं घेतली. भात वाढला. तिला त्याचा राग यायला हवा होता, कीव यायला हवी होती, दोन्हींपैकी एक तरी. ती वरण ढवळत राहिली.

शुक्रवारी सकाळी ती ब्रीडाकडे गेली. ब्रीडा खुर्चीवर पाय टाकून दारातच ऊन खात बसली होती.

"ती निळी फुलं तू लावलीस?"

ब्रीडानं मान हलवली. "लोबेलिया. डेसीकडे जाते तेव्हा उरलेलं पाणी तिकडे नेते. तू विचारल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरवलं होतं. तो कोपरा फार छान आहे. मी थोडा वेळ बसते, चारूशी दोन शब्द बोलते."

"चारू," उल्का म्हणाली. चारुदत्त ब्रीडासाठी आजवर फक्त 'तुझा नवरा' होता.

"चूक बोलते का मी? पूर्ण नाव माझ्या जिभेला झेपत नाही गं."

मग उल्कानं तिला सगळं सांगितलं. फॉर्म, रकाने, मधलं नाव. सांगताना ती कालव्याचा अहवाल वाचून दाखवावा तशी बोलली. ब्रीडानं तोंडावर हात ठेवला. "म्हणजे मी सगळा वसंत तुझ्या नवऱ्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करते आहे? जिवंत माणसाच्या?" आणि ती हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले आणि तिनं उल्काचा हात धरला. "रविवारी फादर वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात. त्या कोपऱ्यातल्या बाळांचीही, कुठल्याही धर्माची असोत. पाटी नंतर बदलेल. पण यादीसाठी आज बारापर्यंत चर्चच्या ऑफिसात फोन केला तर होईल. काय होतं तिचं नाव?"

नाव होतं. हे उल्काशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. डिसेंबरात एक्केचाळीस नंबरच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसून तिनं ते ठरवलं होतं. मूल होण्याआधी नाव बोलून दाखवू नये म्हणून चारुदत्तलासुद्धा सांगितलं नव्हतं. मूल झाल्यावर सांगायचं तर ते काचेच्या पेटीत होतं. आणि ते गेल्यावर कुणी विचारलंच नाही.

"आमच्यात नाव आत्या सांगते," उल्का म्हणाली. "बापाची बहीण. आईनं सांगायचं नसतं."

"मग तिला फोन कर ना."

"तिला काय सांगू?"



साडेअकराला चारुदत्तचा ऑफिसातून फोन आला. "ब्रीडानं मला फोन केला होता. मी करू का चर्चमध्ये? तू फक्त सांग, काय सांगायचं." उल्का स्वयंपाकघरात उभी होती. तिला पुढचं सगळं दिसलं. तिकडची बाई म्हणणार, स्पेलिंग सांगा. मग चारुदत्त एकेक अक्षर सुटं करणार, एस फॉर शुगर, डब्ल्यू फॉर वॉटर, त्याच्या मागे प्रिंटरचा आवाज, आणि असं तिचं नाव पहिल्यांदा जगात येणार.

"नको," ती म्हणाली.

"उल्का, मग रविवारी माझं नाव वाचतील."

"वाचू दे. काय फरक पडतो."

आणि तिला खरोखरच वाटत होतं की काही फरक पडत नाही. बारा वाजले. ती दोरीवरचे कपडे काढायला गेली.

शनिवारी तिनं दोन्हीकडे पाणी घातलं. लोबेलियानं मान वर काढली होती. शेजारच्या पाटीपाशी एक तरुण जोडपं नवं भिरभिरं रोवत होतं. त्यांनी मान हलवली, तिनंही हलवली. घरी आल्यावर तिनं अंघोळ केली नाही. विसरली म्हणा किंवा कंटाळली म्हणा. त्या दिवशी नागपूरहून फोन आला. आईनं तिकडचा पाऊस सांगितला, इकडचं ऊन विचारलं. उल्का म्हणाली, "आई, मी तिथे जाते आजकाल."  आई हळूच म्हणाली, "नीट आहे ना जागा?" पाच महिने मागे पाहू नको म्हणणारी ही बाई मनातल्या मनात रोज तिथे जाऊन येत असणार, हे उल्काच्या तेव्हा लक्षात आलं.

रविवारी आभाळ थोडं पांढुरकं झालं होतं, पण पाऊस नव्हता. तीन वाजता दोन-तीनशे माणसं जमली. बायकांनी चांगले कपडे घातले होते, मुलांच्या हातांत आइस्क्रीम होतं, आणि ज्यांची माणसं दोन ठिकाणी पुरलेली होती ती घरं वाटून उभी होती. चारुदत्तनं ब्रीडाला गाडीतून आणून डेसीपाशी खुर्चीवर बसवलं. बिगोनिया लालभडक फुलले होते. ब्रीडानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मग उल्काला कुबडीनंच भिंतीकडे जायची खूण केली.

ती दोघं पाटीपाशी जाऊन उभी राहिली. चारुदत्त घामाघूम झाला होता. लाउडस्पीकर खरखरला, प्रार्थना झाली, आणि पाद्री यादी वाचू लागला. म्हातारे, म्हाताऱ्या, अपघातात गेलेला एक मुलगा. प्रत्येक नावानंतर लोक एकत्र एक ओळ पुटपुटत होते. मग पाद्री म्हणाला, आता आपली लहान बाळं. शेजारच्या जोडप्यातली मुलगी आपल्या नवऱ्याला बिलगली. दोन नावं झाली. तिसरं आलं.

"चारुडाटा रिझबड," पाद्री म्हणाला.

"नाही!"

उल्का ओरडली होती. ओरडायचं असं तिनं ठरवलं नव्हतं. मेलेल्यांच्या यादीत नवऱ्याचं नाव, आणि तो शेजारी घाम पुसत उभा. आईकडून, आजीकडून, सात पिढ्यांकडून आलेलं जे काही तिच्या अंगात होतं, ते तिला न विचारता उठून उभं राहिलं. सगळी स्मशानभूमी वळून बघू लागली. चारुदत्तनं तिचा दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला.

"ते तिच्या वडिलांचं नाव आहे," ती मोठ्यानं इंग्रजीत म्हणाली. तिचा आवाज कालव्याच्या पलीकडच्या काठावर पोचेल असा होता. "ते जिवंत आहेत. हे काय, इथेच आहेत!"

पाद्री म्हातारा होता. त्यानं चष्मा काढला, कागद खाली केला आणि लाउडस्पीकरमधूनच विचारलं, "माफ करा हं. मग तिचं नाव काय?"

"स्वानंदी," उल्का म्हणाली.

चारुदत्त तिच्याकडे बघतच राहिला. त्यालाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

पाद्रीनं नाव घेतलं ते चुकलं. "पुन्हा सांगा," तो म्हणाला, आणि तिनं सांगितलं, आणि दुसऱ्यांदा ते बरंचसं जमलं. तेवढ्या माणसांनी त्या नावाला त्यांची ती ओळ म्हटली. डेसीपाशी खुर्चीत बसलेली ब्रीडा सगळ्यांच्या मागून एकटीच आणखी एकदा म्हणाली.

यादी पुढे चालू झाली. उल्का गुडघ्यांवर बसली. आत्या नव्हती, पाळणा नव्हता, घुगऱ्या नव्हत्या. ती वाकली, पाटीला तोंड लावून 'कुर्रर्र' केलं आणि नाव सांगितलं, कानात सांगतात तेवढ्याच आवाजात. आणि ती तशीच वाकून राहिली.

नाव सांगितलं की सांगणारीच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. ते काम बायकांचं. बारशाला चारुदत्तचा संबंध आजवर फक्त पेढ्यांशी आला होता. पण त्याला एवढं मात्र माहीत होतं, की ते राहून चालत नाही. तो तिच्यामागे गुडघ्यांवर बसला, हात उचलला आणि तिच्या पाठीत घातला. अंदाज नव्हता, जरा जोरातच बसला.

एवढ्या जोरात कुणी मारतं का, असं म्हणायला उल्कानं तोंड उघडलं, आणि शब्दांऐवजी रडणं बाहेर आलं, पाच महिन्यांचं, मोठ्यानं, सगळ्या गावासमोर.